त्रेसष्टचा छत्तीस

दुसरीचा वर्ग. संख्यांचं श्रुतलेखन चालू आहे. बाई म्हणतात, “त्रेसष्ट.” तिसऱ्या ओळीतली मुलगी आधी ३ काढते, मात्र त्याच्या डावीकडे बोटभर जागा सोडून. मग त्या जागेत ६ बसवते. वहीत ६३ दिसतात, बाईंची बरोबरची खूण मिळते. शेजारचा मुलगा जागा सोडायला विसरतो आणि ३६ लिहून मोकळा होतो. ६ आणि ३ एकमेकांकडे तोंड करून बसायचे, ते पाठ फिरवून बसतात. आपण ‘छत्तीसचा आकडा’ म्हणतो तो यावरूनच.

दोघांच्या डोक्यात घडलं ते एकच. ‘त्रे’ आधी ऐकू आला, ‘सष्ट’ नंतर. लिहिताना मात्र साठातला ६ आधी हवा. म्हणजे कानावर पडलेला तीन क्षणभर डोक्यात धरून ठेवायचा, सहा लिहायचा आणि मग तीन उतरवायचा. हे धरून ठेवण्याचं काम वर्किंग मेमरीचं, आणि सात वर्षांच्या मुलाकडे ती बेताचीच असते. मुलीने जागा सोडून तेवढं ओझं कमी केलं. युक्ती नामी आहे, पण कागदापुरतीच. मोबाइलवर तिने ६३ दाबायला घेतले तर ३६ उमटतील.

जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ऐकून अंक लिहिताना झालेल्या त्यांच्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलटापालटीशी संबंधित निघाल्या. चेक भाषेचा दाखला त्याहून बोलका. तिथे दोन्ही पद्धती चालतात, ‘वीस-एक’ही आणि ‘एक-वीस’ही. संशोधकांनी त्याच मुलांना दोन्ही तऱ्हांनी संख्या सांगितल्या, तर एकक आधी आला की अशा चुका जास्त. मुलं तीच, फक्त शब्द बदलले.

आणि मराठीत नुसती उलटापालट असती तर निभावलं असतं. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बासष्ट, ब्याण्णव यांत ‘दोन’ कुठे दिसतो का? तो संस्कृत ‘द्वा’पासून प्राकृतातून झिजत आलेला ‘बा’ आहे. साठचा ‘सष्ट’ होतो, सत्तरचा ‘हत्तर’. सीमेपलीकडच्या कानडी मुलाला ‘अरवत्तमूरु’ म्हणताना अरवत्तु म्हणजे साठ आणि मूरु म्हणजे तीन सरळ ऐकू येतात. आपल्या पोराला शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक शब्द सुटा पाठ करावा लागतो.

याची झळ गणिताच्या तासापुरती राहत नाही. मराठीच्या तासाला “पान एकोणसाठ काढा” म्हटलं की तीन-चार मुलं हमखास ६९ व्या पानावर पोचतात. ‘एकोण’ म्हणजे नऊ आणि पुढे साठ, असा त्यांचा सरळ हिशोब. तर्क अजिबात चुकीचा नाही! मूळ शब्द ‘एक ऊन’, म्हणजे एक कमी, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. गंमत म्हणजे नव्याण्णवला आपण ‘एकोणशंभर’ म्हणत नाही, तिथे नियम आपणच मोडतो. इकडे कवितेचं पान सापडेपर्यंत पहिलं कडवं वाचून झालेलं असतं, आणि बाईंना वाटतं पोराचं लक्ष नाही.

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. विधानसभेत ‘फडणवीस’ आडनावावरून विनोदही झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं गणिताला बिचकतात. नॉर्वेने तर हा बदल थेट संसदेत ठरवून १ जुलै १९५१ पासून लागू केला, कारण टेलिफोन नंबर सांगताना घोळ होत होते. तरी जुनी तऱ्हा तिथे आजही बोलण्यात आहे.

मला ‘वीस एक’ शिडीसारखं वाटतं. ‘साठ आणि तीन’ असं फोडून म्हटलं की दशक-एकक कानालाच कळतात. पण त्रेसष्ट हा शब्द मुलाचा व्हायचा तर तो दिवसभर कानावर पडायला हवा, आणि त्यासाठी निराळा तास लागत नाही. फळ्यावरचा दिनांक, पट आणि हजेरी, परिसर अभ्यासात मोजलेली झाडाची पानं, खिचडीच्या वेळी मोजलेली ताटं हे सगळं रोज घडतंच. ताटं मोजणारी मुलं अठ्ठावीसपर्यंत सुरात येतात आणि अडखळतात. कुणी “वीस नऊ” म्हणतं, मागून कुणी “एकोणतीस रे!” ओरडतं, आणि तीसला सगळा वर्ग पुन्हा एका सुरात.

जेवणं झाल्यावर बाई म्हणतात, “पान अठ्ठेचाळीस.” क्षणभर पानांची सळसळ, मग मागच्या बाकावरून आवाज येतो, “बाई, म्हणजे फोर्टी-एट ना?”