खिडकीच्या सेक्शनमधली पोकळी कुठून येते?

स्लायडिंग खिडकी बसवणारे कारागीर अ‍ॅल्युमिनियमचा सेक्शन, म्हणजे चौकटीची पोकळ पट्टी, कटरवर कापतात ना, तेव्हा एखादा उरलेला तुकडा मागून घ्या आणि टोकाकडून आत बघा. कप्पे दिसतील, रबर बसायच्या बारीक खाचा दिसतील, भिंत जेमतेम दीड मिलिमीटरची आणि जोड कुठेच दिसत नाही. हे सगळं एका पोलादी चकतीतल्या भोकातून दाबून बाहेर काढलेलं असतं. त्या चकतीला डाय म्हणतात आणि या पद्धतीला एक्स्ट्रूजन.

तत्त्व आपल्या सोऱ्याचंच, भरायचं आणि दाबायचं. पण सोऱ्यातून भरीव शेव निघते, पोकळ नळी काढायची तर भोकाच्या मधोमध एक गाभा हवा, आणि तो अधांतरी राहणार कसा? म्हणून पोकळ सेक्शनची डाय दोन भागांची करतात. मागच्या भागात गाभा असतो, तो पुलासारख्या पायांवर धरलेला, आणि पायांच्या मधे मोठी भोकं. 450 ते 480 डिग्रीला तापवलेला बिलेट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा ओंडका, प्रेसने दाबला की धातू त्या भोकांतून तीन-चार वाटांनी फुटतो, पाय ओलांडून पुढच्या छोट्या पोकळीत परत एकत्र येतो, तिथे दाबाने सांधला जातो आणि मग गाभ्याच्या भोवतीने बाहेर पडतो. यात वितळणं कुठेच नाही हं, त्याला 660 डिग्री लागतात. धातू घन असतानाच जुळतो, कारण आत हवा नसते आणि फुटलेल्या ताज्या कडांवर ऑक्साइडची साय धरायला संधीच मिळत नाही. मला या विषयातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

डाय डिझाइन म्हणजे भोकाचा आकार ठरवणं असं वाटतं, पण तो सोपा भाग. गार झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम आकसतं म्हणून भोक साधारण 1 टक्का मोठं ठेवतात. खरं डोकं लागतं ते वेगाला. मधल्या आणि जाड भागातून धातू पळत सुटतो, कडेच्या आणि बारीक भागातून रेंगाळतो, आणि एकाच सेक्शनची एक बाजू पुढे गेली की तो वाकतो, पिळतो, नाहीतर लाटा घेऊन बाहेर येतो. याला उपाय म्हणजे बेअरिंग, म्हणजे भोकाच्या आतली ती सपाट कड जिला घासून धातू बाहेर पडतो. जिथे तो पळतो तिथे कड लांब ठेवायची, घर्षण वाढतं, वेग कमी होतो, आणि जिथे रेंगाळतो तिथे आखूड. खेळ काही मिलिमीटरचाच, पण भोकाच्या कडेने फिरत जाल तशी ही लांबी बदलत जाते. आता कॉम्प्युटरवर सिम्युलेशन होतं, तरी पहिल्या ट्रायलला निघालेलं टोक कुठे वाकलंय ते बघून डाय करेक्टर, म्हणजे डाय दुरुस्त करणारा कारागीर, बेअरिंग हाताने घासून नीट करतो, ती नजर वर्षानुवर्षांच्या कामातून येते.

आता मटेरियल. 7 इंच व्यासाच्या बिलेटची प्रेस साधारण 1800 टनांचा जोर लावते, हिशोब केला तर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर 7 टन, तेही जवळजवळ 500 डिग्रीला. साधं कार्बन स्टील गार असताना कितीही कडक असलं तरी या तापमानात नरम पडतं. म्हणून एच13 नावाचं हॉट वर्क टूल स्टील, म्हणजे तापलेल्या कामाच्या हत्यारांचं पोलाद, वापरतात. त्यात सुमारे 5 टक्के क्रोमियम, दीडेक टक्का मॉलिब्डेनम आणि 1 टक्का व्हॅनेडियम. क्रोमियममुळे जाड ठोकळाही आतपर्यंत कडक होतो, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमचे कार्बाइडचे, म्हणजे कार्बनशी जुळून बनलेले, सूक्ष्म कण उष्णतेत कडकपणा धरून ठेवतात. मग टंगस्टन कार्बाइड का नाही, ते तर कितीतरी कडक? कडक आहे पण ठिसूळ आहे, गाभा धरणाऱ्या पायांवर दाब येतो तेव्हा तिथे चिवटपणा लागतो. म्हणून एच13 सुद्धा मुद्दाम 46 ते 50 रॉकवेलवरच (हे कडकपणाचं माप) ठेवतात आणि फक्त पृष्ठभाग नायट्रायडिंग करून घेतात. सुमारे 520 डिग्रीला अमोनियातला नायट्रोजन पोलादात मुरतो, एक दशांश मिलिमीटरच्या आसपास थर काचेसारखा कडक होतो, आतलं अंग चिवटच राहतं. टेम्परिंग, म्हणजे कडक केलेलं पोलाद परत तापवून चिवट करणं, याहून जास्त तापमानाला झालेलं असतं, म्हणून आतला कडकपणा उतरत नाही. (पोलादाचंच एक्स्ट्रूजन करायचं तर 1100 डिग्रीच्या वर जावं लागतं, तिथे डाय आणि बिलेटच्या मधे चक्क काच ठेवतात, ती वितळून वंगणाचं काम करते.)

प्रेसमधून काढलेल्या डायच्या पोटात अ‍ॅल्युमिनियम थिजलेलं असतं. ती गरम कॉस्टिक सोड्यात बुडवतात, हायड्रोजनचे बुडबुडे सोडत अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, पोलाद तसंच राहतं. मग पॉलिश, आणि ठरावीक बिलेट झाले की परत नायट्रायडिंग. हे वेळेवर केलं नाही तर कडक थर झिजून बेअरिंग खचतं, भोक मोठं होतं, भिंत जाड निघायला लागते, आणि सेक्शन विकला जातो किलोवर, त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या खिडकीला पैसे जास्त पडतात, कारण तिला जास्त अ‍ॅल्युमिनियम जातं.