समांतर प्रोग्रॅमिंग: शिकवण्याची सुरुवात थ्रेडपासून का झाली?

नागपुरात अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये आज सहा-आठ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे भाग, सहज असतात. त्याने सी भाषेत लिहिलेला साधा प्रोग्रॅम मात्र त्यातला एकच कोअर वापरतो. ही तफावत सर्वसामान्यांच्या टेबलावर आली २००४-०५ च्या सुमारास. तोवर नवा संगणक घेतला की जुनाच प्रोग्रॅम आपोआप वेगाने चाले. ट्रान्झिस्टर पुढेही लहान होत राहिले, पण त्या प्रमाणात व्होल्टेज उतरेना आणि उष्णता आवरेना. चिपचा वेग ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत नेणाऱ्या इंटेलने २००४ मध्येच पुढचं एक-कोअरी डिझाइन सोडून दिलं. २००५ मध्ये दोन कोअरच्या चिप बाजारात आल्या.

त्याआधी हा विषय महासंगणकवाल्यांचा होता. पुण्यात १९९१ मध्ये तयार झालेल्या परम ८००० मध्ये प्रत्येक प्रोसेसरची मेमरी वेगळी होती, देवाणघेवाण संदेशांतून चाले. संदेशांचं एमपीआय हे मानक १९९४ चं. सामायिक मेमरीसाठीचं, म्हणजे सगळे कोअर एकच मेमरी वापरतात तिथलं, ओपनएमपी हे मानक १९९७ मध्ये फोरट्रानसाठी आणि पुढच्या वर्षी सीसाठी आलं.

मल्टिकोअर आल्यावर नवशिक्यांसमोर आधी सामायिक मेमरीचे थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे प्रवाह, ठेवायचे, ही पद्धत रुळली. वाद आहे तो इथेच. या पद्धतीची बाजू मांडणारे म्हणतात, लूपच्या (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाच्या) डोक्यावर ओपनएमपीची एक ओळ लिहिली की काम भागतं, वेगळं यंत्र लागत नाही. हे खरंच आहे. पण त्या एका ओळीमुळे कोणती आकडेमोड कशावर अवलंबून आहे, हा मूळ प्रश्नच मुलांना पडत नाही. दोन थ्रेड एकच काउंटर वाढवतात तेव्हा वाचणं, मिळवणं, परत लिहिणं अशा तीन पायऱ्या असतात. दोघांनी ४१ वाचलं तर दोघेही ४२ लिहितात. एक वाढ हरवते. शंभरदा बरोबर उत्तर देणारा प्रोग्रॅम एकदा चुकतो, आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत तो बरोबरच ठरतो. लॉक घातलं, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला काउंटर हाताळू दिला, तर उत्तर सुधारतं, वेग जातो. माझ्या मते आधी संदेश शिकवावेत: काय कुणाला द्यायचं, हे तिथे लिहावंच लागतं.

संगणकतज्ज्ञ जीन अमदालचा १९६७ चा नियम याच सुमारास पाठ होतो: ५ टक्के काम क्रमानेच होणार असेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग वीसपटीपुढे जात नाही. १९८८ मध्ये त्याला उत्तर मिळालं, की प्रोसेसर वाढले की माणसं प्रश्नही मोठा घेतात. हे उत्तर वर्गात क्वचितच पोहोचतं.

२००७ नंतर ग्राफिक्स कार्डावर हजारो थ्रेड चालू लागले. पायथॉन भाषेत एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारं कुलूप होतं. २०२४ च्या आवृत्तीत ते प्रायोगिक तत्त्वावर काढता येऊ लागलं आणि २०२५ मध्ये त्या पर्यायाला अधिकृत पाठिंबा मिळाला. सीला बगल देऊन पायथॉन शिकणाऱ्या मुलांसमोरही आता तोच काउंटर आहे.