बेसच्या कॅबिनेटला फट कशासाठी?

माझा भाचा लातूरला ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. त्याने नुकताच नवा ॲम्प आणि दोन दहा इंची स्पीकरचं कॅबिनेट घेतलं. बघायला येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "किती वॅटचं?" मग कॅबिनेटच्या तळाशी असलेल्या आडव्या फटीकडे लक्ष जायचं. कुणी म्हणे, ती हवा खेळायला ठेवलीय. कुणी म्हणे, हिच्यातून आवाज वाया जातो. उंदीर शिरू नयेत म्हणून तिच्यात चिंध्या कोंबा, असा सल्लाही एकाने दिला. माझ्या मते त्या सगळ्या सामानातली सगळ्यात सुंदर गोष्ट ती फटच आहे.

आधी वजनाचं उरकून घेऊ. जुना ॲम्प उचलायला दोघं लागायचे, नवा एका हातात येतो. तो 'क्लास डी' प्रकारचा आहे. त्यातले ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतात नाहीतर पूर्ण बंद, आणि ही उघडझाप सेकंदाला लाखो वेळा होते. अर्धवट उघडं राहण्यात जी वीज उष्णता होऊन जायची ती वाचते. मग ती उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या लागत नाहीत. वीजपुरवठाही त्याच तत्त्वावर चालत असल्यामुळे लोखंडी गाभ्याचा अवजड ट्रान्सफॉर्मरही गेला. स्पीकरमध्ये फेराइटच्या जागी निओडिमियमचं चुंबक आलं, म्हणून कॅबिनेटही हलकं.

वॅटबद्दल एवढंच सांगतो, की वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट वॅट लागतात. टीचभर स्पीकरवर '१००० वॅट पीएमपीओ' (म्हणे क्षणभराची कमाल ताकद) असं स्टिकर लावून विकणं ही गिऱ्हाइकाची शुद्ध फसवणूक आहे. त्या आकड्यामागे कुठलंही ठरलेलं मोजमाप नाही.

आता फट. बेस गिटारची सगळ्यात जाड तार, ई, सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे ४१ हर्ट्झ. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर धरला, तर या सुराची एक लाट सव्वाआठ मीटरपेक्षाही लांब भरते. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची विरळ होते. एवढ्या लांब लाटेला हातभर रुंदीचा स्पीकर अडवू शकत नाही. मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि दोघी एकमेकींना खोडतात. म्हणून कॅबिनेटविना नुसत्या ठेवलेल्या स्पीकरमधून बेस येत नाही. कॅबिनेटची पेटी पूर्ण बंद केली की खोडणं थांबतं, पण मागची लाट आत कोंडून फुकट जाते.

फट ही फुकट जाणारी लाट कामाला लावते. टँकरखाली घागर भरताना आवाज चढत जातो, तो आतली हवा कमी होत जाते म्हणून. तिच्या गळ्यातली हवा हे वजन, पोटातली हवा ही स्प्रिंग. कॅबिनेटमध्ये फट हा गळा आणि पेटी हे पोट. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने याचं गणित मांडलं. फटीचं क्षेत्रफळ वाढलं तर सूर चढतो, पेटीचं आकारमान किंवा फटीची खोली वाढली तर उतरतो, आणि हे सगळं वर्गमुळाच्या हिशेबाने. पेटी १०० लिटरची, फट १०० चौरस सेंटिमीटरची आणि २० सेंटिमीटर खोल असेल, तर सूर ३९ हर्ट्झच्या आसपास बसतो.

खरी गंमत फेजमध्ये आहे, म्हणजे दोन हालचाली एकाच दिशेने होतात की उलट, यात. स्प्रिंगला लावलेलं वजन सावकाश ढकललं तर ते ढकलण्याबरोबर जातं. त्याच्या स्वतःच्या गतीपेक्षा भराभर ढकललं तर ते उलट दिशेने हलतं. पडदा हळूहळू आत गेला तर फटीतून हवा बाहेर येते, म्हणजे पुढच्या लाटेच्या विरुद्ध. पण फटीच्या सुराच्या वर गेलं की फटीतली हवा उलटते. पडदा बाहेर तेव्हा तीही बाहेर, आणि दोन्ही लाटांची बेरीज होते. नेमक्या त्या सुरावर पेटीतला दाब इतका वाढतो, की पडदा जवळपास जागच्या जागी धरून ठेवला जातो आणि आवाजाचं बहुतेक काम फट करते.

हे डोळ्यांनी दिसतं. आम्ही मोबाइलच्या टोन जनरेटर ॲपचा सूर बारीक आवाजात ॲम्पला दिला आणि फटीसमोर वर्तमानपत्राची पट्टी धरली. ८० हर्ट्झला पडदा थरथरताना दिसत होता. सूर उतरवत ४५ च्या जवळ आलो आणि पडदा स्थिर झाल्यासारखा दिसला. आवाज मात्र भरलेला होता आणि पट्टी फडफडत होती. ३० ला पडदा हातभर लांबूनही दिसेल इतका मागेपुढे व्हायला लागला आणि आवाज जवळजवळ गेला. चिंध्या कोंबल्या की हे सगळंच मोडतं, कारण फटीतल्या हवेला हलायला जागाच राहत नाही.

या रचनेचं पेटंट १९३२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेच्या अल्बर्ट थुरास यांना मिळालं. पण पेटी केवढी आणि फट केवढी, हे बराच काळ अंदाजानेच ठरायचं. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात त्याची नीट सूत्रं दिली. आजची कॅबिनेटं त्यांवरच बेततात.

फटीचा सूर ध्वनीच्या वेगावर अवलंबून असतो आणि वेग तापमानावर. परभणीत थंडीत १० अंशांना तो सेकंदाला ३३७ मीटर, तर मे महिन्यात ४२ अंशांना ३५६ मीटर. हा फरक साधारण साडेपाच टक्के, म्हणजे जवळपास अर्ध्या स्वराएवढा. डिसेंबरात ४५ हर्ट्झला बसलेली फट मेमध्ये साडेसत्तेचाळीसच्या जवळ जाते. हर्ट्झचा विषय निघालाच आहे, तर '४३२ हर्ट्झ ही विश्वाची कंपनसंख्या, तिने रोग बरे होतात' या मोबाइलवरच्या मेसेजबद्दलही सांगतो. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती कंपनं, आणि दिवसाचे ८६,४०० सेकंद माणसाने पाडले. सेकंद थोडा लांब ठरवला असता, तर तोच सूर वेगळ्या आकड्याचा झाला असता. विश्वाचा त्यात काही संबंध नाही.

चौकस वाचक विचारेल, फट ४५ ला आणि ई तार ४१ ला, मग ती ऐकू कशी येते? तारेतून ४१ बरोबर ८२ आणि १२३ हर्ट्झही निघतात. त्यांच्यातलं अंतर ओळखून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. पाच तारांच्या गिटारची बी तार मात्र ३१ हर्ट्झची. तिथे पेटीची स्प्रिंग पडद्याला धरून ठेवत नाही आणि मोठ्या आवाजात स्पीकर निकामी होऊ शकतो. भाचा पुढच्या वर्षी पाच तारांची घेणार आहे. त्याला मी ॲम्पचा हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक सुराच्या खालचं सगळं अडवणारी सोय, ३५ हर्ट्झच्या आसपास लावून ठेवायला सांगितलंय.