मूल नेमकं कुठे अडलं? शाळेतल्या नोंदींची पार्श्वभूमी

हजेरीपट, निकालपत्रक, पास-नापासचे आकडे असं मुलांविषयीचं दप्तर शाळांकडे पूर्वीपासून आहे. अडचण वेळेची होती. वार्षिक निकाल लागायचा तेव्हा वर्ष सरलेलं असायचं. मूल कुठे अडलंय हे कळूनही शिकवण्यात बदल करायला गुरुजींच्या हातात दिवस उरत नसत.

मुंबईत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने यावर एक साधा मार्ग काढला. २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी होणाऱ्या ‘असर’ पाहणीत मुलासमोर एक कागद ठेवतात. आधी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद. तो वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. अडखळलं तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. काही मिनिटांत मूल कुठवर आलंय ते समजतं. हीच चाचणी वर्गात वापरून इयत्ता बाजूला ठेवायची आणि पातळीप्रमाणे गट करायचे. मूल पुढे सरकलं की गट बदलतो. मला या साऱ्या इतिहासात हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे नोंद करणारा आणि दुसऱ्या दिवशी शिकवणारा माणूस एकच असतो.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्यासोबत महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. वर्षभर निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प यांतून आकारिक मूल्यमापन करायचं आणि सत्राअखेर परीक्षा घेऊन संकलित. कल्पना चांगलीच होती. पण वर्णनात्मक नोंदींचा पसारा एवढा वाढला की बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळू लागली. ‘वाचनाचा सराव आवश्यक’ हे एकच वाक्य कितीतरी मुलांपुढे उतरवलं गेलं. त्यात ते मूल कुठेच नव्हतं.

जून २०१५ मध्ये राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, आधीची तयारी तपासणाऱ्या पायाभूत आणि सत्राअखेरच्या संकलित चाचण्या सुरू झाल्या. त्याच सुमारास राज्याच्या ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीवर विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचं कामही शिक्षकांकडे आलं. पुढे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान हे लक्ष्य ठेवलं. अलीकडे नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात, त्यांचे गुणही ऑनलाइन भरायचे असतात.

गुण पोर्टलवरून सरकारकडे जातात, पण खरी माहिती शाळेतच, उत्तरपत्रिकेत राहते. ६२ वजा ३८ या गणितात मूल ३६ लिहितं. पोर्टलवर त्याचं शून्य होतं. उत्तरपत्रिका हातात घेतलेल्या बाईंना मात्र दिसतं, की मुलाने ८ मधून २ वजा केले, मोठ्या अंकातून लहान अंक. त्याला वजाबाकी येते; दशक सुटा करायचा असतो, एवढंच अजून उमगलेलं नाही. उद्याच्या तासाला काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवला, की शिकवणं तिथूनच सुरू होतं.