ताम्र-चयापचयाचे आनुवंशिक विकार
शरीराला तांबे अगदी थोडे लागते. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १ मिलिग्रॅम पुरते आणि सगळ्या शरीरात मिळून ते जेमतेम १०० मिलिग्रॅम असते. पण तेवढ्यावाचून पेशींचा श्वास, लोहाचा वापर, केसांचा व त्वचेचा रंग यांपैकी काहीच धड चालत नाही. उलट तेच तांबे मोकळे साठू लागले की यकृत आणि मेंदू यांच्या पेशी मारते. म्हणून आतड्यातून किती तांबे आत घ्यायचे आणि यकृतातून किती बाहेर टाकायचे याचा हिशेब शरीर काटेकोर ठेवते. हा हिशेब राखणाऱ्या जनुकांत जन्मतः दोष असला की जे विकार होतात, त्यांत विल्सन विकार सर्वांत महत्त्वाचा. जन्मभराच्या आनुवंशिक दुखण्यांपैकी गोळ्यांनी काबूत राहणारी दुखणी मोजकीच आहेत आणि हे त्यांपैकी एक आहे. त्यामुळे ते वेळेवर न ओळखले जाणे अधिकच क्लेशकारक ठरते.

अन्नातले तांबे आतड्यातून यकृतात येते. तिथे एटीपी७बी या जनुकावरून बनणारे वाहक प्रथिन दोन कामे करते: काही तांबे सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात बसवून रक्तात सोडते आणि जास्तीचे पित्तावाटे बाहेर घालवते. विल्सन विकारात हे वाहकच निकामी असते. तांबे यकृतात साठत जाते, तिथली जागा भरली की रक्तात उतरते आणि मेंदू, डोळे, मूत्रपिंडे, हाडे असे जिथे मिळेल तिथे मुरते. हे जनुक १३व्या गुणसूत्रावर आहे. त्याचा शोध १९९३ साली लागला.

विकार अप्रभावी पद्धतीने उतरतो, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होतो. दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि आईवडील स्वतः मात्र ठणठणीत असतात. साधारण ३०,००० माणसांत एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. जवळच्या नात्यात लग्ने होतात तिथे ते वाढते. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे, तेव्हा ही बाब आपल्याकडे नुसती पुस्तकी नाही. मुंबईत दराब दस्तूर आणि नोशिर वाडिया यांनी हा विकार असलेल्या १६ कुटुंबांचा अभ्यास करून तो १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने पुढे २८२ रुग्णांची तीन दशकांची नोंद मांडली.

लंडनमधले मज्जातंतुतज्ज्ञ सॅम्युएल अलेक्झांडर किनियर विल्सन यांनी १९१२ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्यांनी मेंदू आणि यकृत दोन्ही एकाच वेळी बिघडलेले पाहिले. कारण तांबे आहे हे मात्र १९४८ मध्ये जॉन कमिंग्ज यांच्या मोजमापांनंतर पक्के झाले.

लक्षणे फसवी असतात. लहान मुलांत बहुधा यकृताचा त्रास पुढे येतो: वारंवार कावीळ, पोटात पाणी, पायांवर सूज. मग घरात ‘कावीळ उतरवणे’ सुरू होते आणि दिवस निघून जातात. किशोरवयात आणि विशीत मेंदूची लक्षणे जास्त दिसतात. वहीतले अक्षर बिघडते, पेला धरताना हात थरथरतो, बोलणे जड होते, तोंडातून लाळ गळते, हातपाय वेडेवाकडे ताठरतात. कुणाचा स्वभावच पालटतो. चिडचिड, अभ्यासातली घसरण, विचित्र वागणे एवढेच दिसते आणि मूल थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. हाडे ठिसूळ होणे, गुडघे दुखणे ही लक्षणेही भारतीय रुग्णांत नोंदली गेली आहेत. क्वचित यकृत एकाएकी बंद पडते आणि त्याच वेळी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. अशा वेळी हाती दिवस थोडे असतात.

निदानाची सुरुवात डोळ्यांपासून करता येते. बुबुळाच्या कडेला तांब्याचे सोनेरी-तपकिरी कडे चढते, त्याला कायझर-फ्लायशर वलय म्हणतात. नेत्रतज्ज्ञाच्या स्लिट लॅम्पखाली ते दिसते. मेंदूची लक्षणे असलेल्या जवळजवळ सर्वांत ते सापडते, मात्र केवळ यकृताचा त्रास असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांत नसते. तेव्हा वलय नाही म्हणून विकार नाही असे समजू नये. रक्तातले सेरुलोप्लाझ्मिन डेसिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी आणि २४ तासांच्या लघवीतले तांबे १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निघाले तर संशय बळावतो. गरज पडल्यास यकृताच्या तुकड्यातले तांबे मोजतात किंवा जनुकीय तपासणी करतात. एका मुलात निदान झाले की सगळ्या सख्ख्या भावंडांची तपासणी झालीच पाहिजे. लक्षणे यायच्या आधीच गोळ्या सुरू झालेले भावंड सहसा निरोगी आयुष्य जगते.

उपचारांचा इतिहास माणसांच्या हिमतीचा आहे. पहिले औषध, ‘बाल’ (बीएएल, म्हणजे ब्रिटिश अँटी-लुईसाइट), हे दुसऱ्या महायुद्धात आर्सेनिकयुक्त विषारी वायूवर उतारा म्हणून तयार झाले होते. १९५१ पासून ते विल्सनच्या रुग्णांना दिले जाऊ लागले. स्नायूत घ्यायचे ते इंजेक्शन फार दुखायचे. ब्रिटिश डॉक्टर जॉन वॉल्श यांना पेनिसिलीन घेणाऱ्या यकृतरुग्णांच्या लघवीत पेनिसिलामिन हा पदार्थ पूर्वी आढळला होता. बोस्टनमध्ये असताना एका विल्सन रुग्णाविषयी चर्चा चालू होती, तेव्हा हा पदार्थ तांबे पकडून लघवीवाटे काढील असे त्यांना सुचले. रुग्णाला देण्याआधी त्यांनी एक ग्रॅम स्वतः घेऊन पाहिला. १९५६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तोवर मरणच ठरलेला विकार गोळीने आवरता येऊ लागला. पेनिसिलामिन न सोसणाऱ्यांसाठी वॉल्श यांनीच १९६९ मध्ये ट्रायंटिन वापरले.

पेनिसिलामिन थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. ते रिकाम्या पोटी घ्यायचे असते आणि सोबत बी६ जीवनसत्त्व देतात. अंगावर पुरळ, लघवीतून प्रथिने जाणे, रक्तपेशी घटणे असे त्रास होऊ शकतात म्हणून ठरावीक काळाने तपासण्या लागतात. मेंदूची लक्षणे असलेल्या काहींची थरथर सुरुवातीला उलट वाढते. घरच्यांना हे आधी सांगितलेले नसले की ते घाबरतात आणि औषधच थांबवतात. जस्ताची वाट वेगळी. ते आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन हे प्रथिन वाढवते, ते तांब्याला धरून ठेवते आणि पेशी गळून पडली की तांबेही शौचावाटे जाते. जस्त सौम्य पण मंद आहे. त्यामुळे लक्षणे नसलेल्या भावंडांना किंवा साठा उतरल्यानंतर पुढे चालू ठेवायला ते सोयीचे पडते. प्रौढांना साधारणपणे ५० मिलिग्रॅम जस्त दिवसातून तीनदा, जेवणापासून दूर देतात. यकृत पूर्ण निकामी झाल्यास प्रत्यारोपण करावे लागते. नव्या यकृतात वाहक प्रथिन शाबूत असल्याने मूळ दोषच दूर होतो.

बरे वाटले म्हणून औषध सोडणे हा या विकारातला सर्वांत मोठा धोका आहे. वर्षभरात किंवा काही वर्षांत यकृत कोलमडू शकते आणि पुन्हा सुरू केलेले औषध मग नेहमी पुरे पडत नाही. गरोदरपणातही मात्रा बदलून ते चालूच ठेवतात.

स्वयंपाकघरातली पथ्ये औषधाची जागा घेत नाहीत, पण निदान ताजे असताना पाळावी लागतात. कलेजी, कालवे आणि इतर शिंपल्या, काजू, चॉकलेट, आळिंबी यांत तांबे पुष्कळ. कोकण-गोव्यातल्या घरांत यावर आवर्जून बोलावे लागते. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी सकाळी पिण्याची सवय या रुग्णांनी सोडायलाच हवी.

भांड्यांचा विषय पुण्याशी जोडलेला आहे. सहा महिने ते चार वर्षांच्या बाळांचे यकृत कडक होऊन ती दगावत. हा ‘भारतीय बाल-यकृतकाठिण्य’ विकार घराघरांत भीती पसरवून होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या शीला भावे व आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासह १९८३ मध्ये दाखवले की या बाळांना लवकर वरचे दूध सुरू झालेले असे आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले-साठवले जाई. कल्हई उडालेल्या पातेल्यातले तांबे दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटून बाळाच्या पोटात जात होते. या बाळांत सेरुलोप्लाझ्मिन कमी नसते, म्हणून हा विल्सन विकार नव्हे. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागातही अशाच भांड्यांमुळे असाच विकार होता आणि तिथल्या घराण्यांच्या नोंदींवरून जन्मजात दुबळेपणाचाही त्यात वाटा दिसतो. स्टीलची भांडी आली आणि दोन्हीकडे तो जवळजवळ नाहीसा झाला. लवकर पेनिसिलामिन दिलेली काही बाळे पुण्यात वाचली, हेही नोंदवायला हवे.

विल्सन विकाराच्या नेमका उलट असतो मेंकेस विकार. एटीपी७ए हे जनुक क्ष गुणसूत्रावर असल्याने तो मुख्यतः मुलग्यांना होतो. यात आतड्यातून तांबे पुढे जातच नाही आणि मेंदू उपाशी राहतो. न्यूयॉर्कमध्ये जॉन मेंकेस यांनी १९६२ साली एकाच घराण्यातल्या पाच मुलग्यांत तो नोंदवला, पण कारण उमगले ते मेलबर्नच्या डेव्हिड डँक्स यांना. या बाळांचे ताठ, तुटके केस त्यांना तांबे कमी असलेल्या कुरणात चरणाऱ्या मेंढ्यांच्या लोकरीसारखे वाटले, आणि १९७२ मध्ये तांब्याची उणीव सिद्ध झाली. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत त्वचेखाली ताम्र-हिस्टिडिनची इंजेक्शने सुरू केली तर काही बाळांना फायदा होतो. उशिरा दिल्यास मेंदूची झालेली हानी भरून निघत नाही.

जस्ताच्या बाबतीतही असा एक आनुवंशिक विकार आहे, अॅक्रोडर्मॅटायटिस एंटेरोपॅथिका. आईचे दूध सुटले की बाळाच्या तोंडाभोवती, शीच्या जागी आणि हातापायांवर चट्टे उठतात, जुलाब लागतात, केस गळतात. नॉर्वेतल्या डान्बोल्ट आणि क्लॉस यांनी १९४२ मध्ये त्याचे वर्णन केले. पूर्वी यातली बरीच बाळे दगावत. १९७०च्या दशकात लंडनच्या मॉयनहन यांनी कारण जस्ताची उणीव असल्याचे दाखवले. आता तोंडाने जस्त सुरू केले की काही दिवसांतच चट्टे वाळू लागतात. जस्त मात्र जन्मभर घ्यावे लागते.