सामाजिक चळवळींचे सिद्धान्त आणि साताऱ्याचे प्रतिसरकार

लोक एकत्र कधी येतात, कशाच्या बळावर टिकतात आणि आपले गाऱ्हाणे कोणत्या शब्दांत मांडतात, याचा उलगडा करू पाहणाऱ्या समाजशास्त्रीय विचारांना सामाजिक चळवळींचे सिद्धान्त म्हणतात. त्यांची घडण मुख्यतः १९६०नंतरच्या अमेरिकेतील आणि युरोपातील चळवळींकडे पाहून झाली. दुसऱ्या मुलखात त्यांतले काय टिकते आणि काय गळून पडते, हे तपासायला १९४३ ते १९४६ या काळातील साताऱ्याचे प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिश राजवटीला समांतर चाललेला भूमिगत कारभार, चांगले उदाहरण आहे.

टेड गर यांनी असंतोषाचे मूळ अपेक्षा आणि प्रत्यक्ष वाट्याला येणारे यांतल्या तफावतीत शोधले. पण गाऱ्हाणे कोणत्या गावात नसते? माण-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात ते पिढ्यान्‌पिढ्या होते, म्हणून दर पिढीत बंड झाले नाही. मॅकार्थी आणि झाल्ड यांनी १९७७ मध्ये ही उणीव दाखवून साधनांवर भर दिला: पैसा, संघटना, पूर्णवेळ कार्यकर्ते. साताऱ्यात यांतले फारसे काही नव्हते. होती ती भावकी, तालमी आणि सत्यशोधक जलशांनी तयार केलेला श्रोता. १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापणारे जोतीराव फुले यांचे मूळ गाव साताऱ्यातले कटगुण. पुढे तमाशाच्याच बाजाचा जलसा गावोगाव फिरला आणि सावकार-भटशाहीवरची टीका लोकांच्या तोंडी बसली. तलाठ्याची नोकरी सोडून आलेल्या, प्रतिसरकारचे पुढारी नाना पाटलांचे रांगडे भाषण ऐकायला गर्दी लोटे, त्यामागे हा सराव होता. पावतीपुस्तकात न मावणारी ही साधने मूळ सिद्धान्ताच्या हिशेबात आलीच नव्हती.

राजकीय संधीचा सिद्धान्त (टिली, मॅकअॅडम, टॅरो) सांगतो की सत्तेची पकड सैल झाली की चळवळ उसळते. साताऱ्याचा क्रम निराळा दिसतो. ‘छोडो भारत’ आंदोलनात ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजला आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला मोर्च्यांवर गोळीबार झाला. उघडे मोर्चे थांबले, चळवळ भूमिगत झाली आणि तिच्यातूनच गावोगावची न्यायदान मंडळे आणि तुफान सेना हे प्रतिसरकारचे लढाऊ दल उभे राहिले. म्हणजे दडपशाहीने चळवळ मोडली नाही, तिचे रूप पालटले. तरीही संधी होतीच, ती नकाशात होती. ब्रिटिश मुलखाच्या मध्ये औंध, सांगली, मिरज, जत अशा संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. तुफान सेनेचे ठाणे असलेले कुंडल औंध संस्थानात होते, आणि औंधच्या राजांनी १९३९ मध्येच गावांना स्वराज्याचे अधिकार दिले होते. ब्रिटिश पोलीस मागे लागले की शिवार ओलांडून दुसऱ्या हद्दीत जाता येई.

बेचाळीसच्या लाटेत समांतर सरकारे अन्यत्रही झाली. आजच्या उत्तर प्रदेशातील बलियातले काही दिवसांत कोसळले. बंगालमधील तामलुकचे डिसेंबर १९४२ ते १९४४ पर्यंत टिकले. ऑक्टोबर १९४२च्या चक्रीवादळाने आणि पाठोपाठच्या दुष्काळाने मदतकार्य हेच तिथे राज्य करण्याचे मोठे कारण ठरले. गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्यास सांगितल्यावर ते सरकार विसर्जित झाले, साताऱ्याच्या बहुतेकांनी मात्र शरणागती पत्करली नाही.

चळवळ आपले म्हणणे कोणत्या शब्दांत मांडते याचा विचार करणाऱ्या स्नो प्रभृती अभ्यासकांना ‘पत्री सरकार’ हे नाव नक्कीच आवडले असते. फितुरांच्या तळपायांना पत्रे ठोकतात अशी समजूत पसरली आणि ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले. तळपायांवर फटके देण्याची शिक्षा खरी होती, पत्र्यांची कथा बहुतांशी दंतकथा. पण दरारा दंतकथेनेच निर्माण केला. त्याच सरकारने हुंड्याविना, कमी खर्चात ‘गांधी लग्ने’ लावली आणि दारूबंदी केली, हे मात्र त्या नावात दिसत नाही.

पुढे कार्यकर्ते पांगले. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात व नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. वसंतदादा पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड यांनी सहकारी साखर कारखाने उभारले. चळवळीची संस्था झाली की तिची धार बोथट होते, हे सर्वसाधारण मत नागनाथअण्णांना मात्र नीट लागू होत नाही. वाळव्याचा कारखाना चालवतानाच ते १९९०च्या दशकात आटपाडीच्या पाणी परिषदांत अग्रभागी होते.

अमेरिकेत जन्मलेल्या आणि वाळवा तालुक्यातील कासेगावात स्थायिक झालेल्या गेल ऑम्व्हेट (मृत्यू २०२१) यांनी ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन केले आणि कार्यकर्ते भारत पाटणकर यांच्याबरोबर इथल्या चळवळींत कामही केले. युरोपातील अभ्यासक नव्या सामाजिक चळवळींची ओळख अस्मिता आणि जीवनशैली अशी सांगत होते. त्याच सुमारास, १९८०च्या दशकात, मुक्ती संघर्ष चळवळीत खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदुळवाडीचे लोक येरळा नदीवर बळीराजा धरण बांधत होते. त्यासाठी पैसा उभा राहिला तो नदीच्याच वाळूच्या मर्यादित विक्रीतून, आणि पाण्याचा वाटा भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला समान असावा अशी त्यांची मागणी होती.