ओट्यासाठी काळा दगड: कडप्पा की ग्रॅनाइट?

फरशीच्या वखारीत काळा दगड बहुधा ओला करूनच दाखवतात. पाणी मारलं किंवा तेलाचं फडकं फिरवलं, की कडप्पाही ग्रॅनाइटइतकाच काळाकुळकुळीत दिसतो. भाव मात्र बराच कमी. मग मनात येतंच, की रंग तोच, दगड तोच, जास्तीचे पैसे कशाला घालायचे? थोडं थांबून दगड सुकू द्या. सुकल्यावर कडप्पा करडा पडतो, चांगला काळा ग्रॅनाइट होता तसाच राहतो. अर्थात करडा ओटा कोणाला आवडूही शकेल. प्रश्न रंगावर संपत असता तर एवढं लिहायची गरज नव्हती.

कडप्पा ही चुनखडी आहे. आंध्र प्रदेशात कडप्पा, कर्नूल, नंद्याल या पट्ट्यात, प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून हा खडक तयार झाला. नंद्याल जिल्ह्यातलं बेतमचेर्ला या फरश्यांसाठी प्रसिद्ध आहे. थर मुळातच सपाट असल्याने पहार-छिन्नीने अख्ख्या पाट्या सुटतात, जाडीत करवत चालवावी लागत नाही. स्वस्ताईचं एक मोठं कारण हेच. शहाबाद, तांदूर, कोटा ही सगळी चुनखडीचीच भावंडं.

काळ्या ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी. भूशास्त्राच्या हिशेबाने तो ग्रॅनाइटही नाही, कारण खरा ग्रॅनाइट फिकट असतो: करडा, गुलाबी, पांढुरका. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळतो तो बहुतेक गॅब्रो किंवा डोलेराइट. सह्याद्रीचा बेसाल्ट ज्या प्रकारच्या शिलारसाचा, त्याच प्रकारच्या शिलारसाचे हे दगड. बेसाल्ट जमिनीवर पसरून भराभर थंड झाला. हे जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाले, म्हणून त्यांचे स्फटिक मोठे. घरात जुना काळा पाटा-वरवंटा असेल तर तुमचा ग्रॅनाइट त्याच्या नात्यातला समजा. सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलक्सी’ प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमाकुर्तीचा. म्हणजे कडप्पा आणि हा काळा दगड दोन्ही आंध्रातूनच येतात आणि स्वभावाने एकमेकांपासून कोसभर लांब राहतात.

हा स्वभाव आंबटाशी गाठ पडली की कळतो. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्ल लागलं की ते विरघळतं. आपल्या स्वयंपाकघरात आम्लाला तोटा आहे का? लिंबू, चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ, ताक, व्हिनेगर, टोमॅटो. पॉलिश केलेल्या कडप्प्यावर अर्ध्या लिंबाची फोड पालथी राहिली तरी तेवढं वर्तुळ निस्तेज, पांढुरकं होतं. आपण त्याला डाग समजतो आणि घासत बसतो; पण तिथे काही चिकटलेलंच नसतं, दगडाचा पृष्ठभागच खाल्ला गेलेला असतो. मग कोणीतरी सुचवतं, लिंबू-मीठ लावून घासा. त्याने वर्तुळाचं तळं होतं. ग्रॅनाइटमधली खनिजं सिलिकेट वर्गातली. घरातल्या आंबटाला ती दाद देत नाहीत.

पाण्याच्या बाबतीत तर फसगत आणखी सोपी. बोअरचं जड पाणी असलं की काही महिन्यांत सिंकभोवती पांढरी कडा धरते. ग्रॅनाइटवर ही कडा म्हणजे वर साचलेला क्षार. पातळ केलेल्या व्हिनेगरचं फडकं थोडा वेळ ठेवून पुसून घेतलं की ती निघते. कडप्प्यावरही अगदी तशीच कडा दिसते आणि ती काढायला तेच व्हिनेगर लावलं, तर क्षारासोबत दगडाची चकाकीही जाते. दिसायला एकच खूण, एकच उपाय, आणि परिणाम मात्र उलटे. म्हणून जुन्या घरात राहायला गेलात तर ओटा साफ करण्याआधी तो कशाचा आहे ते बघा.

चरे पडण्याचंही तसंच. चुनखडीतलं मुख्य खनिज कॅल्साइट, त्याचा कठीणपणा मोहच्या मापावर (1 सर्वांत मऊ, 10 सर्वांत कठीण) 3, सुरीचं पोलाद साडेपाचच्या आसपास, काळ्या ग्रॅनाइटमधली मुख्य खनिजं साडेपाच-सहा. कडप्प्यावर पोळपाट सरकवताना अडकलेला रेतीचा कणसुद्धा रेघ ओढतो. उष्णतेची भीती मात्र दोघांनाही रोजच्या वापरात फारशी नाही; गरम कढई टेकवण्याने दोघांचंही बिघडत नाही.

आता ओळखायचं कसं? सगळ्यात आधी पाटी उलटी करून बघा, पुढची बाजू नंतर. कडप्प्याची मागची बाजू बहुधा थर सुटल्यासारखी ओबडधोबड असते, जाडीही एका टोकाला कमी, दुसऱ्या टोकाला जास्त. ग्रॅनाइटची मागची बाजू करवतीने कापलेली, जाडी एकसारखी. मग मागच्या बाजूला खिळ्याने रेघ ओढा. कडप्प्यावर पांढरी रेघ खोल उमटते. ग्रॅनाइटवर उमटली तर ती खिळ्याच्याच धातूची, बोटाने चोळली की जाते. तरी शंका राहिली तर एक तुकडा घरी न्या, पॉलिशवर लिंबाचे चार थेंब टाकून रात्रभर ठेवा. तुकडा द्यायलाही जो दुकानदार कुरकुर करतो, त्याच्याकडून अख्खा ओटा घेऊ नये असं माझं मत आहे.

तो ग्रॅनाइट निघाला तरी एक परीक्षा उरते. फिकट करड्या दगडाला रंग पाजून काळा म्हणून विकण्याचा प्रकार बाजारात चालतो. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन पाटीचा कोपरा चोळा. फडकं काळं झालं तर तो रंग काही वर्षांत आधी शेगडीजवळ आणि सिंकजवळ उडेल.

इतकं वाचून कडप्पा टाकाऊ वाटत असेल तर त्याच्यावर अन्याय होईल. ओट्याखालच्या उभ्या पाट्या, आतले कप्पे, डब्यांची मांडणी यांसाठी मला अजूनही कडप्प्यासारखं दुसरं काही दिसत नाही. त्याला वाळवी लागत नाही, सिंकचा पाइप गळला तरी तो प्लायवूडसारखा फुगत नाही, आणि तिथे लिंबू पिळायला कोणी जात नाही. खाली कडप्पा आणि वर ग्रॅनाइट ही आपल्याकडच्या गवंड्यांची जुनी पद्धत दोन्ही दगडांना त्यांच्या जागी ठेवते. मॉड्युलर किचनवाले हे मोडून सगळं प्लायवूडचं करायला सांगतात, तेव्हा निदान सिंकखालचा खण तरी कडप्प्याचाच राहू द्या.

बसवताना घाई नडते ती दोन-तीन ठिकाणी. ओट्याची उंची साधारण 32 ते 34 इंच ठेवतात, पण रोज तिथे उभं राहणाऱ्या माणसाला समोर उभं करून ठरवा. वाकावंही लागू नये, खांदेही उचलावे लागू नयेत. ग्रॅनाइट 18 ते 20 मिलिमीटरचा घ्या. चौरस फुटाला तो साधारण पाच किलो भरतो, म्हणजे दहा फूट लांब, दोन फूट रुंद ओट्याचा वरचा दगडच शंभर किलोंचा. त्याखाली सिमेंटचा माल सगळीकडे सारखा पसरला पाहिजे. चार ढीग ठेवून त्यावर पाटी टेकवली तर मधे पोकळी राहते. काम झाल्यावर नाण्याने ठोकत जा. जिथे आवाज पोकळ, बद्द येईल तिथे खलबत्ता वापरू नका, आणि मिस्त्रीचे पैसे चुकते करायच्या आत ते त्याला दाखवा. नारळ तर कुठल्याच ओट्यावर फोडू नये.

दगड फुटतो तो बहुधा सिंकच्या कापाशी. तिथे पुढे नि मागे दगडाची अरुंद पट्टीच उरते. चौकोनी कापाच्या कोपऱ्यांतून तडा सुरू होतो, म्हणून कोपरे गोलसर कापायला सांगा आणि पुढच्या पट्टीखाली आधार द्यायला लावा. सांधा सिंकवर किंवा शेगडीच्या कापावर आणू नका. तो भरायला रंग मिसळलेला इपॉक्सी (घट्ट होणारा चिकट पदार्थ) वापरतात, आणि रंग जुळला की नाही हे कोरड्या दगडावरच बघायचं. ओट्याला सिंककडे किंचित उतार हवा. पुढच्या कडेच्या खालच्या बाजूला एक बारीक खाच मारून घेतली तर पाणी आत न पळता तिथेच खाली गळतं आणि कपाटाची दारं वाचतात.

बिलात दगडाचा चौरस फूट, कडेच्या मोल्डिंगचा रनिंग फूट आणि सिंक-शेगडीचे काप यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. सिंकसाठी कापून काढलेल्या तुकड्याचेही पैसे तुम्ही दिलेले असतात, तेव्हा तो मागून घ्या. खिडकीच्या पट्टीला किंवा देवघराच्या पाटाला उपयोगी पडतो. आणि घरात आधीच कडप्प्याचा ओटा असेल, तो तडकलेला नसेल, तर लगेच फोडू नका. मशीनने घोटून पुन्हा पॉलिश करता येतो. लिंबू चिरायला लाकडी पाट ठेवला, सांडलेलं लगेच पुसलं आणि साफ करायला साधा भांड्यांचा साबण वापरला, तर तो आणखी बरीच वर्षं काढतो.